व्हॉयनिच हस्तलिखिताचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पुस्तक नेमकं आहे तरी काय?

साधारण साडेतेवीस बाय सोळा सेंटिमीटरचं, वासराच्या चर्मपत्रावर लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक. अक्षरं डावीकडून उजवीकडे, सरावलेल्या हातानं लिहिलेली. पण ही लिपी जगात दुसरीकडे कुठेही सापडलेली नाही. सोबत चित्रं आहेत: ओळखू न येणाऱ्या वनस्पती, राशिचक्रं, हिरव्या-निळ्या पाण्याच्या कुंडांत उभ्या असलेल्या नग्न स्त्रिया, बरण्या, मुळ्या. शेवटी समासात फक्त चांदण्या काढलेली दाट मजकुराची पानं. आज १०२ पत्रं (म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिलेले सुटे ताव) शिल्लक आहेत, पण पत्रांवरचे आकडे ११६ पर्यंत जातात. म्हणजे आकडे घातल्यानंतर चौदा पत्रं गहाळ झाली.

सध्या ते अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. तिथला क्रमांक एमएस ४०८. १९१२ मध्ये विल्फ्रिड व्हॉयनिच या पुस्तकविक्रेत्यानं ते इटलीत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाकडून घेतलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. लेखनाशी त्याचा काही संबंध नाही.

ते खरंच मध्ययुगीन आहे का?

हो. २००९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात चार वेगवेगळ्या पत्रांच्या कडेचे बारीक तुकडे घेऊन कार्बन चाचणी झाली. ९५ टक्के खात्रीनं उत्तर आलं: १४०४ ते १४३८.

इथे एक खाच आहे. ही तारीख जनावराच्या मृत्यूची आहे, लेखनाची नव्हे. शाई नेहमीची मध्ययुगीन, मायफळ आणि लोहक्षारापासून केलेली. तिचं वय असं मोजता येत नाही. तेव्हा ‘कोरं चर्मपत्र शंभर वर्षं पडून होतं आणि मग कुणीतरी त्यावर लिहिलं’ असं म्हणायला जागा उरते. पण चर्मपत्र महाग असायचं, आणि एवढ्या पत्रांची न वापरलेली चळत कुणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवेल हे पटत नाही. शिवाय चित्रांतले कपडे, केशरचना, धनू राशीच्या जागी आडवं धनुष्य घेतलेला माणूस, हे सगळं पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धाशी जुळतं.

या एका चाचणीनं बरीच गर्दी हटली. तेराव्या शतकातला इंग्लिश विद्वान रॉजर बेकन लेखक म्हणून बाद झाला. एका पानावर अमेरिकेतलं सूर्यफूल आहे, असं १९४४ मध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञानं सुचवलं होतं. ते खरं मानलं तर पुस्तक कोलंबसनंतरचं ठरतं. तोही दावा आता उभा राहत नाही.

व्हॉयनिचनंच ते बनवलं नसेल कशावरून?

प्रागमधल्या गेओर्ग बारेश या किमयागारानं १६३९ मध्ये रोममधल्या आथानासिउस किर्शर या जेझुइट विद्वानाला पत्र लिहून ‘माझ्याकडे असं असं न वाचता येणारं पुस्तक आहे’ असं कळवलं होतं. ते पत्र उजेडात आलं व्हॉयनिच वारल्यावर कित्येक दशकांनी. मृत्यूनंतर सापडणाऱ्या पुराव्याशी जुळेल अशी बनावट करणं कुणालाच जमत नाही.

त्याच्या मालकांचा माग कुठपर्यंत लागतो?

पहिल्या पानावर खोडलेली एक सही आहे, अतिनील प्रकाशात दिसते: याकोबुस द टेपेनेच. हा पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारातला औषधतज्ज्ञ. ‘द टेपेनेच’ ही पदवी त्याला १६०८ मध्ये मिळाली आणि तो १६२२ मध्ये वारला, म्हणजे सही या दोन सालांमधली. त्यानंतर बारेश. मग प्रागचा वैद्य आणि विद्वान मार्कुस मार्सी, ज्यानं ते किर्शरला पाठवून दिलं. सोबतच्या पत्रावरची तारीख कुणी १६६५ वाचतं, कुणी १६६६. त्या पत्रात मार्सी सांगतो की रुडॉल्फनं हे पुस्तक ६०० डुकाटला, म्हणजे तेवढ्या सोन्याच्या नाण्यांना, घेतलं, असं आपल्याला कुणीतरी सांगितलं होतं.

ही ऐकीव गोष्ट लोकांनी शंभर वर्षं नुसती एकमेकांची वाक्यं उचलून सांगितली. मग श्टेफान गुत्सी या जर्मन अभ्यासकानं सरळ शाही जमाखर्चाच्या वह्या काढल्या. कार्ल विडेमान नावाच्या वैद्यानं १५९९ मध्ये सम्राटाला काही पुस्तकं विकल्याची नोंद त्याला मिळाली. रक्कम ६०० गुल्डनच्या (हे त्या काळचं चलन) बरोबरीची. त्या पुस्तकांत आपलं पुस्तक होतंच असं सिद्ध झालेलं नाही, पण शोध कसा घ्यावा याचा हा मला दिसलेला सगळ्यात चांगला नमुना आहे. यात लिपीचं एक अक्षरही वाचावं लागलं नाही.

१४३८ च्या आसपासपासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र दीडशे वर्षांचं भगदाड आहे. ज्यांना जर्मन किंवा लॅटिन दप्तरं वाचता येतात त्यांनी इकडे वळावं. लिपीपाशी आधीच फार दाटी झाली आहे.

लिपी, भाषा आणि सांकेतिक लेखन यांत लोक गोंधळ करतात तो कोणता?

मराठी मोडीत लिहिली जायची आणि देवनागरीतही. भाषा एक, लिप्या दोन. मोडी न येणाऱ्याला ते पत्र अगम्य वाटतं, पण त्यात लपवाछपवी काही नसते. सांकेतिक लेखन ही तिसरीच गोष्ट: ओळखीची भाषा मुद्दाम झाकलेली.

व्हॉयनिचच्या बाबतीत या तिन्हींपैकी काहीच आपल्या हाती नाही. लिपी अनोळखी, भाषा ठाऊक नाही, संकेत आहे की नाही हेही ठाऊक नाही. लिनिअर बी ही प्राचीन लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसनं उलगडली तेव्हा भाषा ग्रीक निघाली. पण त्याच्याआधी ॲलिस कोबरनं कुठलाही उच्चार गृहीत न धरता वर्षानुवर्षं चिन्हांचे तक्ते केले होते. तुमचा दावा या तीन गोष्टींपैकी नेमक्या कोणत्या गोष्टीबद्दल आहे, हे आधी स्वतःला विचारा. निम्मे दावे याच प्रश्नावर अडखळतात.

मूळ पुस्तक पाहायला अमेरिकेत जावं लागेल का?

नाही. बायनेकीनं सगळी पानं उत्तम दर्जात आंतरजालावर खुली ठेवली आहेत, फुकट.

काही पानांची २०१४ मध्ये वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रं घेतली होती. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या अभ्यासक लिसा फेगन डेव्हिस यांनी ती २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. पहिल्या पानाच्या समासात त्यांत पुसट अक्षरांचे स्तंभ दिसतात: कुणीतरी व्हॉयनिच चिन्हांसमोर रोमन अक्षरं मांडून पाहिली होती. हस्ताक्षरावरून डेव्हिस यांना तो मार्सी वाटतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक म्हातारा माणूस आपल्यासारखाच तक्ता करत बसला होता आणि त्यालाही जमलं नाही, याचा मला का कोण जाणे फार दिलासा वाटतो.

ईव्हीए म्हणजे काय? त्यातले शब्द मोठ्यानं वाचले तर उच्चार कळतो का?

ईव्हीए म्हणजे युरोपियन व्हॉयनिच आल्फाबेट. १९९० च्या दशकात रेने झांडबर्गेन आणि गॅब्रिएल लांदिनी यांनी ती पद्धत बसवली. प्रत्येक चिन्हाला एक रोमन अक्षर, म्हणजे मजकूर संगणकात भरता येतो. उच्चाराशी तिचा काडीचाही संबंध नाही. सर्वाधिक वेळा येणारा शब्द ईव्हीएत ‘डाईइन’सारखा दिसतो, आठशेहून जास्त वेळा येतो. पण तो तसा उच्चारायचा हे कुणीही म्हटलेलं नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी ईव्हीएतला शब्द उचलतो, तो आपल्या भाषेतल्या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून हरखतो आणि मला पत्र लिहितो. घराच्या क्रमांकावरून घरमालकाचं वय काढण्यासारखं आहे ते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. चिन्हं किती, यावरच एकमत नाही. जोडून आलेल्या दोन काड्या हे एक चिन्ह की दोन? शब्दांमधली जागा कुठे स्पष्ट, कुठे संशयास्पद. चांगल्या लिप्यंतरात खात्रीच्या जागेला टिंब आणि संशयाच्या जागेला स्वल्पविराम असतो. बरेच जण दोन्ही पुसून टाकतात आणि मग शब्दांची लांबी मोजतात.

मजकुरात असं विचित्र काय आहे?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

शब्द आहेत सुमारे ३८,०००. काही खूप येतात, बरेच एकदाच येतात, आणि हा उतार कुठल्याही खऱ्या भाषेसारखा आहे. इथवर सगळं ठीक. पण शब्दाच्या आत पाहिलं की पायाखालची जमीन सरकते. काही चिन्हं शब्दाच्या सुरुवातीलाच येतात, काही मधेच, काही शेवटीच. ईव्हीएत ‘क्यू’ लिहितात त्या चिन्हापुढे जवळजवळ नेहमी ‘ओ’ येतो. उंच, खांबांवर आडवी तुळई टाकल्यासारख्या चिन्हांना अभ्यासक ‘गॅलोज’ म्हणतात. त्यांतली दोन चिन्हं बहुतेक करून परिच्छेदाच्या पहिल्या ओळीतच दिसतात. एक चिन्ह ओळीच्या शेवटाजवळ घुटमळतं. आता सांगा, कोणत्या भाषेतल्या अक्षराला आपण ओळीच्या टोकाशी आलो हे कळतं?

याचं मोजमाप १९७६ मध्ये विल्यम बेनेट या भौतिकशास्त्रज्ञानं केलं. एक अक्षर दिलं तर पुढचं ओळखणं किती कठीण, याला एन्ट्रॉपीचा आकडा लावतात. युरोपीय भाषांत तो ३ बिटच्या पुढे असतो, व्हॉयनिचमध्ये २ च्या आसपास. म्हणजे मजकूर भयंकर सरावाचा, ठरीव वळणाचा आहे. साध्या अक्षरबदलानं हा आकडा हलत नाही: ‘अ’ऐवजी त्रिकोण आणि ‘ब’ऐवजी चौकोन काढला तरी कोणामागे कोण येतं ते तसंच राहतं. त्यामुळे ‘ही अमुक युरोपीय भाषा आहे, फक्त अक्षरं बदलली आहेत’ हा दावा पानभर वाचन न करताच बाजूला ठेवता येतो.

मग एका अक्षराऐवजी दोन-तीन चिन्हं लिहिली असतील? आकडा खाली येतो खरा. पण इथला शब्द सरासरी पाच चिन्हांचा. त्याची अक्षरं करायला गेलं की शब्द दोन अक्षरांचा उरतो, आणि दोन अक्षरी शब्दांत औषधी ग्रंथ कोण लिहिणार? या पेचातून वाट काढणारी एक युक्ती मायकेल ग्रेश्को यांनी २०२५ मध्ये मांडली: मूळ लॅटिन किंवा इटालियन मजकुराचे एक-दोन अक्षरांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा पत्ते व फाशांच्या आधारानं व्हॉयनिचसारखा एक अख्खा शब्द बनवायचा. हातानं करता येते, निकाल बराचसा मूळासारखा दिसतो. हेच घडलं असं त्यांचंही म्हणणं नाही. शक्यता दाखवणं आणि उकल करणं यांतला फरक पाळणारा माणूस या क्षेत्रात दिसला की बरं वाटतं.

आणखी एक. एका पानावर जवळपास सारखे पाच शब्द सलग येतात. मंत्र म्हणा, हिशेब म्हणा किंवा कंटाळा म्हणा.

‘भाषा अ’ आणि ‘भाषा ब’ म्हणजे काय?

अमेरिकी नौदलातले संकेततज्ज्ञ प्रेस्कॉट करियर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की मजकुराचे दोन ढंग आहेत. काही शेवट एका ढंगात सर्रास, दुसऱ्यात जवळजवळ नाहीत. आणि हस्ताक्षरही त्याबरोबर बदलतं. ‘भाषा’ हा त्यांनी सोयीसाठी वापरलेला शब्द. डेव्हिस यांनी २०२० मध्ये लेखनशास्त्राच्या कसोट्या लावून पाच वेगळे लेखनिक ओळखले.

याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. एकतर एकाकी वेड्याची कल्पना मोडते: पाच जणांना ही पद्धत येत होती. आणि दुसरं, अख्ख्या पुस्तकाची एकत्र आकडेवारी काढली तर दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. आकडे काढाल ते विभागवार काढा. वनस्पतींच्या भागात तर अ आणि ब ची पत्रं एकमेकांत मिसळली आहेत, कारण पुस्तक कधीतरी सुटं होऊन चुकीच्या क्रमानं पुन्हा बांधलं गेलं असावं. आजचा पानांचा क्रम मूळचा मानू नका.

सगळं निरर्थक असेल तर?

असू शकतं, आणि ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये. गॉर्डन रग यांनी २००४ मध्ये भोकं पाडलेला पुठ्ठा अक्षरांच्या तक्त्यावर सरकवून असा मजकूर झपाट्यानं तयार करता येतो हे दाखवलं. टॉर्स्टन टिम यांचं म्हणणं आणखी साधं आहे: लेखनिक नुकताच लिहिलेला शब्द थोडा बदलून पुन्हा लिहीत गेला. शेजारच्या ओळींत सारखे शब्द का दिसतात, याचा त्यातून छान उलगडा होतो. डॅनिएल गॅस्केल आणि क्लेअर बाउअर्न यांनी २०२२ मध्ये माणसांकडून मुद्दाम निरर्थक मजकूर लिहून घेतला, तर त्यात व्हॉयनिचची बरीच वैशिष्ट्यं आपोआप उतरली.

उलट बाजूनं, माँतेमुर्रो आणि झानेत्ते यांनी २०१३ मध्ये शब्द पुस्तकभर कसे पसरले आहेत ते तपासलं. विषयानुसार शब्द गोळा होतात, अर्थ असलेल्या लेखनात व्हावेत तसे. पण टिम यांच्या पद्धतीनंही शब्दांचे पुंजके तयार होतातच. माझा कल कुठे, असं विचाराल तर अर्थ आहे या बाजूला, साठ-चाळीस. पैज मात्र लावणार नाही.

आजवर किती जणांनी ‘सोडवलं’?

मोजदाद सोडा. पॅटर्न मात्र एकच.

विल्यम न्यूबोल्ड यांनी १९२१ मध्ये जाहीर केलं की प्रत्येक अक्षरात भिंगातून दिसणाऱ्या सूक्ष्म रेघा आहेत, त्या लघुलिपी आहेत, आणि त्यांची अक्षरं उलटीसुलटी जुळवली की रॉजर बेकन बोलू लागतो. त्या रेघा म्हणजे खडबडीत चर्मपत्रावर वाळलेल्या शाईच्या भेगा होत्या. जॉन मॅनली यांनी १९३१ मध्ये या वाचनाच्या चिंध्या केल्या. स्टीफन बॅक्स यांनी २०१४ मध्ये फक्त दहाएक शब्द सुचवले आणि तेवढ्यावर थांबले. चुकले असतील, पण रीत सभ्य होती. २०१९ मध्ये ‘आद्य-रोमान्स भाषा’ असा गाजावाजा झाला आणि काही दिवसांत त्या संशोधकाच्या विद्यापीठानंच हात झटकले.

संगणकाला किंवा एआयला का देत नाही?

देऊन झालं. कॅनडातल्या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या ३८० भाषांतल्या अनुवादांवरून भाषा ओळखणारी प्रणाली केली. तिनं उत्तर दिलं हिब्रू. मग शब्दांतली अक्षरं उलटसुलट लावून, शुद्धलेखन सुधारून, यंत्र-अनुवादातून पहिलं वाक्य काढलं आणि ते जगभर छापून आलं. प्रणालीला ‘यांपैकी कोणतीच नाही’ म्हणायची मुभा नव्हती, हे फार थोड्यांनी लिहिलं.

यंत्र मोजायला उत्तम. कोपियाले या अठराव्या शतकातल्या सांकेतिक हस्तलिखिताची उकल २०११ मध्ये संगणकाच्या मदतीनंच झाली. आतून जर्मन निघाली. पण तिथे खाली एक खरी भाषा आहे आणि संकेताला नियम आहे, हे धरून चालता येत होतं.

माझ्याकडे उकल आहे. ती खरी की भास, कसं ओळखू?

आधी माझीच फजिती सांगतो. कृत्तिकांसारख्या दिसणाऱ्या चांदण्यांच्या पुंजक्याशेजारी एक शब्द आहे. तो नक्षत्राचं नाव धरून मी चार चिन्हांची किंमत ठरवली, ती वनस्पतींच्या नावांना लावली, आणि शब्द भराभर ‘जुळू’ लागले. तीन महिने मी हवेत होतो. मग वहीची सुरुवातीची पानं पुन्हा चाळली तेव्हा दिसलं: एकच चिन्ह तिसऱ्या शब्दात मी ‘र’ धरलं होतं आणि अकराव्या शब्दात ‘न’. मुद्दाम नव्हे. नकळत.

म्हणून ही कसोटी. तुमचे नियम कागदावर लिहा, एका अनोळखी माणसाला द्या, आणि तुम्ही कधी हात न लावलेलं पान त्याला वाचायला सांगा. तुमचं आणि त्याचं वाचन स्वतंत्रपणे एक आलं पाहिजे. अक्षरं हवी तशी फिरवायची, स्वर आपल्या मनानं घालायचे, चार भाषांतून शब्द उचलायचे अशी मोकळीक नियमांत असेल, तर त्याच नियमांनी दूरध्वनीच्या यादीतूनही कविता निघेल. नावं वाचून थांबू नका. चित्रांखालच्या सुट्या नावांपेक्षा शेवटच्या भागातला एक पूर्ण परिच्छेद वाचून दाखवा. आणि गॅलोज पहिल्या ओळीतच का, याचं उत्तर तुमच्या उकलीतून आपोआप निघालं पाहिजे.

मग एखाद्या हौशी माणसानं सुरुवात कुठून करावी?

लिपीपासून नको. आधी पंधराव्या शतकातली दुसरी हस्तलिखितं पाहा: वनस्पतींची, राशींची, स्नानगृहांची. महिनाभर. इतर औषधी ग्रंथांतल्या वनस्पतीही किती काल्पनिक असतात हे तेव्हा कळतं, आणि निम्मं गूढ तिथेच ओसरतं. जोव्हान्नी फोन्ताना या व्हेनिसच्या अभियंत्यानं १४२० च्या सुमारास यंत्रांवरचा मजकूर सोप्या गुप्तलिपीत लिहिला होता; त्या काळात काय शक्य होतं याचा अंदाज तिथे येतो.

मग एक छोटा प्रश्न घ्या. राशींच्या पानांवर नंतरच्या कुणीतरी महिन्यांची नावं रोमन लिपीत लिहिली आहेत, ती कोणत्या भागातल्या बोलीची? मोठ्या घडीच्या पानावरच्या किल्ल्याला पाकोळीच्या शेपटीसारखे दुभागलेले कंगोरे आहेत, तसे उत्तर इटलीत दिसतात. आणखी कुठे, कधी? असे प्रश्न सुटतात.

तुमचं आवडतं पान कोणतं?

सत्तावन्नाव्या पत्राची मागची बाजू. मधे चार माणसं, भोवती वर्तुळाकार ओळी. त्यातल्या एका वर्तुळात सतरा चिन्हांची एक माळ चार वेळा येते. काही चिन्हं पुस्तकात इतरत्र जवळजवळ नाहीतच. वर्णमाला? किल्ली? शोभेची नक्षी? शंभर वर्षं सगळे इथूनच सुरुवात करतात, कारण हे पान ‘इथून सुरुवात कर’ असं सांगतंय असं वाटतं. मी तर ती माळ उतरवून भिंतीवर लावली आहे. पाहुणे विचारतात, कोणती भाषा ही? मी त्यांना चहा देतो.